सात किलोंचा कोट

काटेताई हे आडनाव नव्हे. आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर आणि दवाखान्याच्या फायलीवर उरलंय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ही बाई उभी हयात दोन पारड्यांच्या काट्यासमोर उभी राहिली. माप बरोबर भरलं की वर आणखी चिमूटभर टाकायची तिची सवय, आणि त्यावरून गिऱ्हाइकांनीच तिला हे नाव चिकटवलं. गिऱ्हाइकाला कमी गेलं असं तिच्या दुकानात कधी झालं नाही. हे ती स्वतः दिवसातून एकदा तरी सांगायची, त्यामुळे विसरायची कुणाची बिशाद नव्हती.

गुडघे कुरकुरायला लागले तसं तिनं दुकान बंद केलं. काटा एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला, पण वजनं काही तिच्यानं देववली नाहीत. लोखंडी, षटकोनी, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेली ती वजनं एका लाकडी पेटीत बसवलेली होती. पेटीच्या सरकत्या झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'वीस'. पेटीसकट वीस किलो, ग्रॅमचाही फरक नाही. ती पेटी आता तळमजल्यावर, धाकट्याच्या खोलीत, टायरांच्या शेजारी असते.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. साठीला टेकला तरी ताईच्या तोंडी तो धाकट्याच. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत असं कुणी विचारलं, की ताई म्हणायची, "मला बोलायला लागतं आणि ह्याला गप्प बसायला लागतं. दोघांना पुरेल असं माणूस भेटलं नाही." ती वर राहायची आणि हा खाली. खालची खोली दुसऱ्या कुणी बैठकीची खोली केली असती. ह्यानं तिथे गाडी ठेवली होती.

गाडी म्हणजे काय, तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे, चार चाकं, एक इंजिन आणि दोन उथळ खुर्च्या. दारं नाहीत, छप्पर नाही. सगळं त्यानं स्वतः जोडलेलं. इतकी हलकी, की तिघाचौघांनी एका बाजूनं धरली तर ती बाजू उचलली जायची. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर असल्या घरी बांधलेल्या गाड्या जमायच्या आणि घड्याळ लावून एकेकानं आपली गाडी पळवायची. धाकट्याचा नंबर कधी पहिला आला नाही, शेवटचाही नाही. पण त्या एका दिवसासाठी तो वर्षभर नटबोल्टांवर पाने फिरवत बसायचा.

आता तिथे जाण्याआधी गाडीचं वजन करावं लागतं. नुसतं सगळ्या गाडीचं नाही, प्रत्येक चाकावर किती भार आहे त्याचं. डुगडुगणारं टेबल आठवा. चार पाय असतात, पण भार दोनच पाय उचलतात, आणि उरलेले दोघे नुसते हजेरी लावतात. गाडीचं तसं झालं तर ती उजवीकडे छान वळते आणि डावीकडे वळताना रुसते. ब्रेक मारला की एक चाक आधी अडकतं आणि गाडी तोंड फिरवते. मोठ्या गाड्यांसाठी मोठी यंत्रं लागतात, पण ही इतकी हलकी की न्हाणीघरात ठेवतात तसले वजनकाटे चार आणले की काम भागतं. धाकट्याचे काटे तबकडी आणि सुई असलेले होते. आकडे उजळणाऱ्या काट्यांवर त्याचा विश्वास नव्हता. "ते मध्येच झोपतात," असं त्याचं म्हणणं.

खोलीची फरशी मोरीकडे उतरती, म्हणून तो आधी पाण्याच्या नळीनं पातळी बघायचा आणि काट्यांखाली फरश्यांचे तुकडे आणि प्लायवूडच्या चकत्या सरकवून चारही काटे एका उंचीवर आणायचा. मग गाडी जॅकवर उचलून एकेक चाक काट्यावरच्या फळीवर उतरवायचा. मग खाली झोपून स्प्रिंगांच्या कड्या पान्यानं फिरवायच्या आणि सुया बघायच्या. आणि हे सगळं चालक खुर्चीत बसलेला असताना करायचं, कारण एवढ्याशा गाडीत माणसाचं वजन म्हणजे चेष्टा नाही. पण चालक तर गाडीखाली! तिथे ताई कामाला आली.

पहिल्या वर्षी त्यानं पुस्तकात वाचून वाळूची पोती ठेवली होती. पोतं खुर्चीत घसरत होतं, सुया सरकत होत्या, धाकट्याच्या नाकी नऊ आले होते. ताई चहा घेऊन खाली आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं वजन किती?"

"अडुसष्ट."

"माझंही अडुसष्टच. सरकव ते पोतं."

तेव्हापासून दर वर्षी ताई बसते. पाय पुढे लांब करून, हात मांडीवर, हूं की चूं न करता. वर्षभर जिच्या तोंडाचा पट्टा चालतो ती बाई त्या तासाभरात गप्प बसायची, कारण हललं की सुया हलतात. आणि गंमत अशी, की तेवढाच वेळ धाकटा बोलायचा. डोकं गाडीखाली गेलं की ह्याच्या तोंडाचं कुलूप निघायचं. आई गेली त्या दिवशी तो लिफ्टमध्ये अडकलेल्या एका म्हाताऱ्याला काढत होता, हे त्यानं ताईला असंच गाडीखालून सांगितलं होतं, आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. वरून ताईला फक्त त्याचे बूट दिसायचे. ती बुटांकडे बघत ऐकायची.

गेल्या वर्षी वजन झालं नाही. ताईचं पोट दुखायचं निमित्त झालं, तपासण्या झाल्या, आणि मग मोठं ऑपरेशन. कापायचं ते कापलं, शिवायचं ते शिवलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात." त्या दोन शब्दांवर ताई अजून जगते. त्या डॉक्टरीणबाईंचे, रात्रपाळीच्या नर्सचे, रक्त देऊन निघून गेलेल्या कुणा अनोळखी माणसाचे ती रोज सकाळी तोंड धुता धुता नावानिशी किंवा बिननावानं आभार मानते. शेवटी धाकट्याचे. त्याच्यापाशी आली की तिला शब्द सुचत नाहीत, आणि ही गोष्ट तिच्या बाबतीत नवलाचीच.

कारण त्या माणसानं काय केलं नाही! जखमेची पट्टी बदलायला शिकला. केस विंचरून द्यायला शिकला, तेही इंजिनाची वायर ओढल्यासारखे ओढत. आणि स्वयंपाक. ताईला मीठ बंद, तिखट बंद, तेल बंद, सगळं मऊ आणि पातळ. धाकटा एकच पातेलं चढवायचा आणि दोघांना तेच वाढायचा. ताई म्हणायची, "अरे, तू कशाला हे पाणी पितोस? तुझ्यापुरतं नीट काहीतरी करून घे." तर तो म्हणायचा, "दोन पातेली कोण घासणार?" असे कितीतरी महिने गेले. धावपट्टीचा दिवस त्यातच कधीतरी येऊन गेला. त्यानं त्याचा उल्लेखही केला नाही. गाडीवर चादर टाकलेली होती, एवढंच ताईनं पाहिलं.

ह्या वर्षी चादर निघाली. जेवताना तो म्हणाला, "रविवारी धावपट्टी आहे. शनिवारी वजन करू."

ताईनं कालवलेला घास पुन्हा कालवला.

"तू भरलीस ना परत?" त्यानं ताटात बघत विचारलं.

"कधीच! अडुसष्ट," ताई म्हणाली.

ती एकसष्ट होती. अंगाला काही लागतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता एवढंच राहील, तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नका. ताईला तब्येतीची काळजी नव्हतीच. तिला धास्ती होती ती पोत्यांची. सात किलो कमी म्हणजे ती आता धाकट्याच्या वजनाची राहिली नव्हती. धाकटा कामाला चोख माणूस. त्याला कळलं असतं तर तो एक शब्द न बोलता वाळू भरायला घेऊन बसला असता, आणि ताई वर बसून राहिली असती. ह्या माणसानं तिच्यासाठी वर्ष घालवलं होतं. त्याच्यासाठी करण्यासारखी जगात एकच गोष्ट तिला येत होती, ती म्हणजे गप्प बसून अडुसष्ट किलो भरणं. तीही गेली तर त्याच्याकडून फक्त घेत राहायचं, हे तिला सोसणारं नव्हतं.

म्हणून तिनं दुकानातला जुना जाड कोट काढला आणि शेजारच्या शिवणवालीकडे नेला. "आतून खिसे शिवून दे. मजबूत. जाड दोऱ्यानं."

शिवणवाली चष्म्यावरून बघत म्हणाली, "ताई, बँक लुटायचा विचार आहे का?"

"तुला घेतलं असतं बरोबर, पण तुझ्या पोटात काही राहत नाही. शीव तू मुकाट्यानं."

शुक्रवारी धाकटा पेट्रोल आणायला गेला तेव्हा ताई खाली उतरली. पेटी उघडून तिनं दोन-दोन किलोंची तीन वजनं काढली आणि एक किलोचं एक. झाकण परत सरकवलं. वजनं कोटात घालून ती काट्यावर उभी राहिली. अडुसष्ट! दुकानदारीतही तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता. भार कंबरेशी होता, म्हणजे माणसाचा असतो तिथेच, तेव्हा गाडीची फसवणूक होत नाही, असा न्यायनिवाडाही तिनं स्वतःशी करून टाकला.

शनिवारी सकाळी ती मुद्दाम लवकर खाली गेली. त्या कोटात चालताना ती कपाट सरकवल्यासारखी चालत होती आणि ते धाकट्याला दिसू नये हा हेतू. तो मोरीशी पाण्याची नळी भरत होता. त्याची कामाची डांगरी खांद्यावरून लोंबत होती. धुवून धुवून सैल झाली, नवी घ्यायला हवी, असं ताईच्या मनात येऊन गेलं. त्यानं वळून बघेपर्यंत ती गाडीत उतरली होती.

"इतक्यात बसलीस?" तो म्हणाला. "अजून सगळं लावायचंय. आणि कोट कशाला? उकडतंय."

"मला थंडी वाजते हल्ली. आजारी माणूस आहे मी."

धाकट्यानं मान डोलावली. त्यानं पातळी लावली, तीन चाकं काट्यांवर उतरवली. चौथा, उजवीकडचा पुढचा कोपरा जॅकवर ठेवून तो आत गेला आणि खोक्यातून एक कोरा करकरीत काटा घेऊन आला.

"जुन्यानं मान टाकली. गंजला. हा नवा आणलाय," तो म्हणाला. "तपासून घेतो."

आणि तो टायरांकडे गेला. ताईला तेव्हा आठवलं, की नवा काटा आला की तो कशावर तपासतात. तिनं उठायचा प्रयत्न केला. त्या गाडीतून एरवीही बाहेर पडणं म्हणजे विहिरीतून वर येणं, त्यात अंगावर लोखंड.

"हलू नकोस, जॅकवर आहे," धाकटा म्हणाला. त्यानं पेटी उचलली, क्षणभर हातात तोलली आणि नव्या काट्यावर ठेवली. मग खाली वाकून बघितलं.

"तेरा," तो म्हणाला.

ताई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"नवा काटा आणि सात किलोंनी खोटा! काय बनवतात हल्ली." त्यानं काट्याच्या कडेची चकती अंगठ्यानं फिरवायला घेतली. सुई वीसवर आली. "झालं. आता बरोबर."

"धाकट्या, दुसऱ्या काट्यावर ठेवून बघ की ती पेटी," ताई घाईनं म्हणाली.

"कशाला? काटा खोटं बोलेल. पेटी तुझी आहे. तुझ्या मापात कधी कमी पडलंय का?"

हे तो कौतुक म्हणून बोलला नव्हता. भिंत उभी आहे असं म्हणावं तसं बोलला होता. त्यानं नवा काटा चाकाखाली सरकवला आणि जॅकला हात घातला. आता हा त्या कोपऱ्यावर सात किलो जास्त बघणार, कडी फिरवून ते कमी करणार, उद्या धावपट्टीच्या टोकाला जाऊन ब्रेक मारणार. पुढचं ताईच्या डोळ्यांसमोर आलं. आयुष्यभर कुणाला चिमूटभर कमी न देणाऱ्या बाईनं पहिल्यांदा माप मारलं होतं, आणि ते कुणाच्या पदरात?

"थांब!" ती ओरडली. "काटा खरा आहे. पेटी खोटी आहे. मी खोटी आहे. सात किलो माझ्या अंगावर आहेत."

धाकट्यानं जॅक सोडला नाही. चाकाखाली आधी लाकडाचा ठोकळा सरकवला, मग उभा राहिला. ताईनं कोटाची बटणं काढून आतले खिसे दाखवले. चारही वजनं रांगेत शहाण्यासारखी बसली होती.

"मी एकसष्ट आहे," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणते एवढंच राहणार. तू वाळू भरशील, म्हणून सांगितलं नाही. एवढं केलंस तू माझ्यासाठी, आणि मला दुसरं काही येत नाही रे. मला एवढंच येतं. बसायला येतं."

धाकट्यानं पुढे होऊन तिला काखेत हात घालून बाहेर काढलं, कोट उतरवला आणि नवा काटा चाकाखालून काढून तिच्यापुढे ठेवला.

"चढ."

ताई चढली. त्यानं आधी फिरवलेली चकती परत जागेवर आणली होती.

"साडेएकसष्ट," त्यानं वाचलं. "आता उतर."

ती उतरली आणि तो चढला. डांगरीसकट, बुटांसकट नव्हे. बूट त्यानं आधी काढून ठेवले.

"बघ," तो म्हणाला.

ताईनं चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला. "हा काटा खरंच खोटा आहे," ती म्हणाली.

"काटा खरा आहे. आत्ताच म्हणालीस तू."

सुई एकसष्टवर होती. ताईनं त्याच्याकडे बघितलं. डांगरी खांद्यावरून लोंबत होती, गळ्याशी दोन बोटं जातील एवढी जागा होती. महिनोन्‌महिने ती ह्या माणसासमोर बसून जेवली होती, आणि त्याच्या ताटात काय आहे हे तिनं बघितलं होतं, पण त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"एकच पातेलं होतं ना," धाकटा म्हणाला, जणू गुन्हा त्यानंच केला होता. "आता परत भरेन म्हटलं, तर सवय मोडत नाही. तिखट सोसत नाही."

"मग मी अडुसष्ट म्हणाले तेव्हा बोलला का नाहीस?"

"माझं घटल्याचं कळलं असतं तर तू उठून गेली असतीस. मी ठरवलं होतं, सात किलो मनात वजा धरायचे. थोडं इकडेतिकडे झालं असतं, चाललं असतं."

कामाला चोख असलेल्या माणसाच्या तोंडी 'चाललं असतं' हे शब्द ताईनं जन्मात पहिल्यांदा ऐकले. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच दुसरीकडे वळलं. तिनं नाक पुसलं.

"अर्धा किलो जास्त आहेस माझ्यापेक्षा," धाकटा म्हणाला. "चपला काढ."

तिनं चपला काढल्या. त्यानं कोटातली वजनं एकेक करून पेटीत आपापल्या खोबणीत बसवली, झाकण सरकवलं, पेटी काट्यावर ठेवली आणि सुईकडे बघून समाधानानं हूं केलं. मग काटा जागेवर गेला, ठोकळा निघाला, चौथं चाक अलगद उतरलं. ताई अनवाणी, हात मांडीवर घेऊन बसली. इतकं हलकं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. धाकटा पाना घेऊन खाली सरकला आणि नुसते पाय बाहेर राहिले, ह्या खेपेला बुटांशिवाय. डाव्या मोज्याला भोक होतं. शिवायला हवं, ताईनं मनात नोंद केली.

कडी करकरली.

"ताई," खालून आवाज आला.

"हं."

"तुला आत नेलं ना त्या दिवशी, तेव्हा बाहेर बसल्या बसल्या मी ठरवलं होतं. तुला काही झालं असतं तर पोतं ठेवणार नव्हतो. गाडीच मोडून टाकणार होतो."

पाना पुन्हा फिरला. ताई समोर भिंतीकडे बघत होती. भिंत नीट दिसत नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले, श्वास धरला, हात मांडीवर दाबून ठेवले, कारण बसणाऱ्यानं हलायचं नसतं.

गाडीखाली पाना थांबला. मग धाकटा म्हणाला, "ताई, हलू नकोस. चारही सुया थरथरतायत."

"मी कुठे हलतेय," ताई म्हणाली. "तू तुझं काम कर."